माफीलायक मराठी

तुळजापूर,
१४ फेब्रुवारी १९६४

प्रिय राघवेंद्र,

तुझं सरकारी पत्र श्रावणात आलं होतं, त्याचं हे खासगी उत्तर. उशीर झाला, कारण मधल्या काळात मला किळस आली होती, आणि किळस आलेल्या माणसानं लगेच लिहू नये, अक्षर बिघडतं. आता अक्षर सुधारलंय. किळस तशीच आहे.

तू मुंबईला चित्रपटांच्या त्या समितीचा सचिव झालास हे आम्हाला तुझ्या सहीवरूनच कळलं. मास्तरांचा शाळासोबती सचिव झाला म्हणून, पत्र वाचण्याआधी बंडप्पा तर नाचायचाच बाकी होता. हा बंडप्पा जत्रेजत्रेतून तंबू टाकून सिनेमे दाखवतो. त्यानं हौसेनं एक बोलपट काढला, संवाद माझे. गोष्ट एका सुईणीची, आणि सुईणीचं काम केलं जळकोटच्या मथुराबाईनं, जी खरीच सुईण आहे. तिला मी काही शिकवलं नाही. उलट मीच वही घेऊन तिच्यामागं हिंडलो आणि अडलेल्या बाईशी ती काय बोलते ते तिच्याकडून वदवून उतरून घेतलं. ‘‘फिकीर करू नगंस, माय. आस्ते, आस्ते. दम धर. कळ खुशाल यिऊ दे. म्या हाय की हितं.’’ एवढंच. पण चित्रीकरणाच्या वेळी ते ऐकून पुण्याहून आलेला कॅमेरावाला रडला, आणि त्याला रडायचे पैसे मिळत नव्हते.

आता सरकारनं मराठी चित्रपटाला उत्तेजन द्यायचं मनावर घेतलंय. लायक बोलपटाला करमणूक कर माफ. कर माफ म्हणजे तिकीट स्वस्त, आणि तिकीट स्वस्त म्हणजे खेड्यातल्या बाया तंबूत येणार. सुईणीचा बोलपट बायांनी नाही बघायचा, तर काय तहसीलदारानं बघायचा? म्हणून बंडप्पानं अर्ज केला. त्याला तुझं उत्तर असं, की सुईणीच्या तोंडची भाषा मराठी म्हणता येत नाही, सबब परकीय शब्द काढून आवाज नव्यानं भरल्यास माफीचा विचार करण्यात येईल. सोबत चौतीस शब्दांची यादी. फिकीर, आस्ते, दम, खुशाल... तांबड्या शाईत एकाखाली एक, चावडीपुढं चोर उभे करावेत तसे.

अरे, निजामाच्या राज्यात उस्मानाबादच्या शाळेत आपण भूगोलसुद्धा उर्दूतून घोकला. गोदावरीचा उगम मला अजून मराठीत धड सांगता येत नाही. आणि वर्गात उर्दूत पहिला कोण यायचा? मी तर नव्हे! मग मीही तांबडी पेन्सिल घेतली आणि तुझंच पत्र तपासलं. अर्ज, मंजूर, शिफारस, तारीख, सबब. सगळे त्या चौतिसांचे सख्खे मावसभाऊ. आणि ‘माफी’ रे? ती काय काशीहून गंगेत न्हाऊन आली? तुझ्या नियमानं करमाफीलाच करमाफी मिळायची नाही.

हे तेव्हाच लिहून पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. बंडप्पा म्हणाला, ‘‘मास्तर, बाया आल्या पायजेत. शबुदाचं काय एवढं? बदला की.’’ आणि मी बदलले. हो, मीच. कुणा पुणेकरावर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तीन दिवस बसून ‘फिकीर करू नगंस’चं ‘चिंता नसावी’ केलं. ‘आस्ते’चं ‘शनैः शनैः’ करणार होतो, ‘सावकाश’वर भागवलं. आणि ‘कळ खुशाल यिऊ दे’चं काय केलं असेल? ‘वेदनेचे सहर्ष स्वागत कर’. ही ओळ मी लिहिली, राघवेंद्र, पूर्ण शुद्धीवर असताना. शुद्धी जरा जास्तच झाली होती. चारुशीलाबाई म्हणून एक विदुषी गाठून बंडप्पानं तिच्याकडून ती नाकात म्हणवून घेतली. समितीला भाषा प्रासादिक वाटली. कर माफ.

दिवाळीनंतर जळकोटला तंबू पडला. बायांची ही गर्दी. मथुराबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि त्यातून चारुशीलाबाई बाहेर पडल्या. मग मागून तिची जाऊ सारजाबाई ओरडली, ‘‘अगं बया! सहर्ष स्वागत म्हणं! हार-नारळ आणू का गं, मथुरे?’’ तंबू हसून कोसळायचाच राहिला. मथुराबाई तेवढी हसली नाही. खेळ सुटल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, ‘‘मास्तर, माजं बोलणं लई वंगाळ हुतं व्हय?’’ मी सरकारच्या नियमाचं काहीतरी पुटपुटलो. ‘‘मंग सरकारला ठावं असंल,’’ म्हणाली, आणि चालू लागली.

तेव्हापासून ती बाळंतपणं मुक्यानं करते. हात चालतात, ओठ आवळलेले. गेल्या महिन्यात एक पहिलटकरीण भिऊन किंचाळत होती, ‘‘काकू, कायतरी बोल की गं!’’ ही गप्पच. मूल नीट झालं, पण ती पोर अजून दचकून उठते म्हणतात. मी जळकोटला जाऊन मथुराबाईला विचारलं, असं का करतेस? तर म्हणाली, ‘‘काय बोलू, मास्तर? चुकलं म्हंजी? जल्मल्या लेकराच्या कानात पैलं माजंच बोलणं पडतंय.’’

आता लिहायचं कारण. माझी चंद्रप्रभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. अंगानं बारीक, मनानं भित्री, तुला ठाऊक आहे. मथुराबाई येणार आहे, पण मुकी. मी तिच्यापुढं हात जोडले, चूक माझी आहे म्हणालो. त्यावर तिचं उत्तर: ‘‘तुमचं काय, मास्तर, तुमी हिकडून बी लिवता, तिकडून बी.’’ खरं आहे. माझ्या शब्दाला तिच्या लेखी आता किंमत नाही, तिला सरकारचा कागद लागतो. तेव्हा तुझ्या समितीच्या कागदावर, शिक्का मारून, तुझ्या त्या लफ्फेदार सहीनं एक ओळ पाठव: ‘मथुराबाई, मुक्काम जळकोट, यांची भाषा मराठी आहे.’ कुठल्या कलमाखाली ते तू बघ. जावक क्रमांक खोटा घातलास तरी चालेल, तिला वाचता येत नाही, शिक्का तेवढा ओळखते. मी तिला वाचून दाखवीन, एकही अक्षर न बदलता. मुंबईचं टपाल इथं यायला चार-पाच दिवस घेतं, आणि चंद्रप्रभेचे दिवस भरत आलेत. जल्दी कर, बाबा.

तुझाच, अजून तरी,
गोपाळकृष्ण