कर्नल आणि तुझा आवाज

माय, मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. अक्षरं तुलाही येत नव्हती, मलाही येत नाहीत. पोरगी माझ्या बोलण्यावर मधेमधे शाळेतली इस्त्री फिरवते. मी ओळखू आले नाही तर तिला बोल.

तुझ्या शेवटच्या दिवाळीला तू दिग्रसला आमच्याकडे आलतीस. सकाळीच मी तुझ्यावर खेकसले, "बसल्या जागी हुकूम कायले सोडतेस?" आणि कापूस वेचायला निघून गेले. मागे माझ्या लेकाने त्याच्या नव्या कॉम्प्युटरपुढे बसवून तुझं बोलणं भरून घेतलं. "आजी तुयाबद्दलच बोलली," एवढंच तो म्हणाला. संक्रांतीच्या आधी तू गेलीस. पुढे ते यंत्रही बंद पडलं. तुझा आवाज आतच राहिला.

आता नातीने ते म्हातारं यंत्र झाडूनपुसून बाहेर काढलंय. नवं काही त्याला पेलत नाही, म्हणून त्याच्यापुरता कर्नल ती त्याच्यावरच तयार करते. मी विचारलं, "फौजेतला?" "नाही वं आजी! यंत्राचा गाभा. सरकीत गर असते ना, तसा. लागत नाही ते काढून टाकाचं, म्हंजे हलका होते." मग ती यादी वाचते आणि मी पाटावर तूर निवडत निकाल देते. छपाईचं यंत्र? आहे कुठं आपल्याकडे, काढ. कॅमेरा? काढ. आवाज? "काढ," म्हटलं, "घरात तुयाच पुरे हाये."

सकाळी लावलेलं कर्नलचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. पोरगी ओरडली, "बाबांची 'आजी' नावाची फाईल हाये यात! तुयी काय वं?" माझी नाही, माझ्या मायची, म्हटलं. तिने दाबली. पडद्यावर रेघ सरकत गेली, यंत्र मुकं. "आपण आवाजच काढला ना!"

मला आठवलं, माय: मी कपाशीच्या पऱ्हाटीत निंदते आहे, आठ-नऊ वर्षांची. तणासोबत मधल्या ओळीतली तुरीची रोपंही उपटते. तू माझी मूठ उघडून बघतेस. "उपटाले अक्कल लागत नाही, बाई. काय ठेवाचं, त्याले लागते." मारलं नाहीस. ती रोपं परत खोचलीस, तांब्याने पाणी घातलंस. जगली नाहीत.

आवाज ठेवून कर्नल पुन्हा लावलाय. यंत्र कण्हतंय, मी शेजारी बसले आहे. "पत्र कुठं धाडाचं?" पोरगी विचारते. त्या यंत्राच्याच पेटीत ठेव, म्हटलं, मायच्या आवाजाच्या बाजूला.

एक सांगायचं राहिलं. तू आत आहेस हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या सकाळचं गाऱ्हाणं ऐकावं लागेल म्हणून भ्यायले, आणि 'काढ' म्हटलं. पोरीचा हात थांबला. लिही, म्हटलं, तेही लिही. आता गाऱ्हाणं असलं तरी चालेल, माय. तू खेकस. पण बोल.