सोयरे नसलेला मोहल्ला

२३ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे गेले. नाटकाच्या सीझनचा हा पहिला लॉट. वडशात घर असणं म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत धर्मशाळा. रात्रभर आजूबाजूच्या गावांत नाटक पाहायचं, सकाळी आमच्या हॉलमध्ये घोरायचं, दुपारी उठून पोळ्या आणि वांग्याची भाजी हाणायची. माझा साळा संघपाल नागपूरला इंदोऱ्यात राहतो. जाताना म्हणाला की भाऊजी, तुमच्या घरासारखी झोप कुठीच येत नाई. मला अभिमान वाटला. कांताला का वाटला नाही ते कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी कांताने आठवण केली की चौदा डिसेंबरला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मला आठवणारच होतं. काय घेऊ म्हणून विचारलं. साडी, जोडवी, मिक्सर. ती कणकेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मले दोन दिवस अशा जागी न्या, जिथी आपलं कोनी नाई. कोनाच्या घरी पोया लाटायच्या नाईत, न कोनासाठी लाटायच्या नाईत."

विचार केला तर बाईचं खरं आहे. पंचवीस वर्षांत नागपूरला कैक वेळा गेलो, पण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरी. पुरुष हॉलमध्ये गाद्यांवर, बायका आतल्या खोलीत, आणि सकाळी कांता त्यांच्या ओट्याशी. म्हणजे वडशाबाहेर आम्ही दोघं एका पंख्याखाली कधी झोपलोच नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला झोप चांगली लागायची.

ठरलं. नागपूर. हॉटेल. हॉटेल तर कुणीही शोधेल, खरा प्रश्न मोहल्ल्याचा. आणि त्यासाठी माझ्यासारखा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. उभी हयात मोजणी खात्यात गेली. गट नंबर पाहून लोकांच्या जमिनींच्या हद्दी मी कायम करून देतो, मला माझी करता येणार नाही?

२५ नोव्हेंबर

नकाशा टेबलावर. लाल पेन. जिथे सोयरा तिथे टिंब.

सीताबर्डी: सोयरे नाहीत, पण नागपूरला आलेला प्रत्येक सोयरा तिथेच फिरतो. समोसा हातात असताना पकडले जाऊ. बाद.
इंदोरा: संघपाल. बाद.
नंदनवन: लहानूभाऊ. माझा चुलतभाऊ, वयाने मोठा आणि आवाजानेही. बाद.
मानेवाडा: रोशनी, कांताची धाकटी बहीण. बाद.
धरमपेठ: सोयरे नाहीत. पण संघपालची बायको तिथल्या दवाखान्यात कामाला. अर्धी बाद.

रात्री नकाशाकडे पाहिलं तर नागपूरला गोवर झाल्यासारखं दिसत होतं. शिवाय माझी माहिती जुनी. लोक घरं बदलतात, फ्लॅट घेतात, सांगत नाहीत. फेरमोजणी करावी लागणार.

२७ नोव्हेंबर

आंघोळ करताना आयडिया सुचली. सगळ्यांना फोन. जय भीम, तब्येत कशी, आणि मग सहज: सध्या पत्ता काय आहे? पत्रिका पाठवायची वेळ येते कधीकाळी, म्हणून लिहून घेऊन राह्यलो.

नागपूरला येतो आहे याचा कुणाला वाससुद्धा नाही. सगळ्यांनी पत्ते भराभर दिले, पिनकोडसकट. लहानूभाऊने दोनदा विचारलं की पत्रिका कोनाची. मी म्हटलं वेळ आली की कळेल. रोशनी तर फोनवर रडलीच. पत्ता सांगताना लोक एवढे हळवे होतात हे माहीत नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सापडला! वर्धा रोडने बाहेर, आणखी बाहेर, मग डावीकडे एक नवं लेआउट. रस्ते आखलेले, घरं मोजकी. हॉटेल एकच. चतुःसीमा खालीलप्रमाणे:

पूर्वेस: रिकामे प्लॉट.
पश्चिमेस: रिकामे प्लॉट.
दक्षिणेस: नाला.
उत्तरेस: लग्नाचं लॉन.

चारही बाजूंनी सोयरा नाही. सर्वात जवळचा सोयरा ऑटोने पाऊण तासावर. कांताला बोलावून समजावलं. तिने विचारलं, खोलीला गॅलरी आहे काय? चहा खोलीत आणून देतात काय? बायकांना मुद्द्याचं कळत नाही.

४ डिसेंबर

ऑफिसात अतुल म्हणाला की साहेब, नागपूरला अधिवेशन आहे, तुम्हाले हॉटेलात खोली नाई भेटत. मी हसलो. मग बाहेर जाऊन फोन केला. खोली होती. अधिवेशनाचा एकही माणूस एवढ्या दूर जात नाही म्हणे. याला म्हणतात दूरदृष्टी. अतुलला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, अधिवेशनाचं तुम्हाले माहीत होतं काय? मी फाईल उघडली.

८ डिसेंबर

संघपालचा फोन. खुशबूची उंची किती, विचारत होता. आमची खुशबू चंद्रपूरला बँकेत आहे. मी सांगितली उंची. मामाला भाचीची माया असते.

संध्याकाळी लहानूभाऊचा फोन. जेवणात बुंदी बरी की गुलाबजाम? मी म्हटलं गुलाबजाम. वय झालं की माणूस काहीही विचारतो.

१० डिसेंबर

सकाळी सकाळी खुशबूचा फोन. आवाज बँकेतला नव्हता. "बाबा, माह्यं लग्न कोनासंग ठरलं, एवढं तं मले सांगा."

पत्त्यांचा परिणाम. रोशनीने तिला अभिनंदनाचा मेसेज पाठवला होता, वर फुलं. मी खुलासा केला, हसण्यावारी नेलं. खुशबू हसली नाही. म्हणाली की आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करून खरं सांगा.

यावर शांतपणे विचार केला. खरं सांगायचं तर पत्ते कशाला घेतले ते सांगावं लागणार, म्हणजे नागपूर फुटणार, म्हणजे कांताचे दोन दिवस गेले. तेव्हा गैरसमज आहे तसा राहू द्यावा. परत आल्यावर एकेकाला सवडीने समजावू. कांताला यातलं काही सांगितलं नाही. तिचा मूड चांगला आहे, दोन दिवसांपासून गुणगुणून राह्यली.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार

शेजाऱ्यांना गडचिरोली सांगितलं. स्टँडवर तोंडाला दुपट्टा बांधून उभा राहिलो. कांता म्हणाली की असं उभं राह्यल्यानं लोक जास्त पाहून राह्यले. एसटीत ओळखीचं कोणी नाही. उमरेडला चहा. कुणी नाही.

हॉटेल फर्स्टक्लास. खोलीला गॅलरी आहे. मुलाने चहा वर आणून दिला. कांता खुर्चीत बसली, चप्पल काढली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि कान देऊन बसली. समोर रिकामे प्लॉट, तण, एक म्हैस. मी विचारलं काय झालं. म्हणाली, काही नाई, पंख्याचा आवाज येऊन राह्यला, घरी कधी ऐकूच येत नाई. मग स्वतःच हसली. पंचवीस वर्षांपूर्वी ती अशी हसायची. मला एकदम भरून आलं. मी तिला काहीतरी बोलणार होतो, पण काय बोलायचं ते सुचेपर्यंत ती डोळे मिटून बसली होती. संध्याकाळी बोलीन.

तोवर गॅलरीचा एक फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: हद्द कायम. फक्त ऑफिसवाल्यांना दिसेल अशी सेटिंग केली. मोबाईलमधलं मला कळतं.

१३ डिसेंबर, संध्याकाळ

सेटिंग उलटी झाली असावी. मोबाईल कंपन्यांचा भरवसा नाही.

आधी संघपाल, सहकुटुंब. मग रोशनी, तिचा नवरा, सासू. मग दोन ऑटो भरून लहानूभाऊ. फोटोत कडेला लॉनची नाव लिहिलेली कमान आली होती. संघपालने तेवढ्यावरून ओळखलं. त्याचं म्हणणं असं की वडशाचा माणूस नागपूरच्या पार टोकाला, लॉनच्या भिंतीला लागून खोली घेते, ते का हवा खायाले? लॉन पाहाले आले न भाऊजी, मंग आमाले काऊन लपवता?

कांताने माझ्याकडे पाहिलं. तिला लग्नाचं इथे, सगळ्यांसमोर कळलं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की कोनाचं लग्न नाई, कायचं लग्न नाई. रोशनी म्हणाली, सांगाचं नसन तं नको सांगू ताई, पण आमी परके थोडीच हाओ. आणि रडायला लागली. मग कांताच तिची समजूत काढत बसली.

मला लहानूभाऊने लॉनमध्ये नेलं. तू मोजणीवाला आहेस, किती पंगती बसतील सांग. मी नको म्हणत होतो, पण एकदा पावलं टाकायला लागलो की माझ्याने राहवत नाही. लांबी झाली, रुंदी झाली, मांडवाची जागा आखली. लॉनचा मॅनेजरसुद्धा इंप्रेस झाला. म्हटलं तिरकस कोपऱ्यात जेवणाचे काउंटर लावा, गर्दी होणार नाही. तेवढं होऊन परत आलो तर खोली रिकामी.

हॉटेलच्या आचाऱ्याने हात वर केले होते. भाजी-भात होईल, पण एवढ्या माणसांच्या पोळ्या आपल्याने होणार नाहीत. मग बायका म्हणाल्या, त्यात काय, आम्ही लाटतो. खाली स्वयंपाकघरात डोकावलो. परातीभोवती सगळ्या जणी बसलेल्या, आणि मधोमध कांता, पोळपाटावर. साडी कमरेला खोचलेली. मी दारातून म्हटलं, अगं तू कशाला. तिने मान वर केली नाही. लाटणं मात्र जरा जोरात फिरलं.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. बायका वर खोलीत, पुरुष खाली लॉबीत गाद्यांवर. लहानूभाऊचं घोरणं सोफ्यालाही ऐकू गेलं असेल. झोप लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

तरी एक नोंद केली पाहिजे. मोहल्ल्याची निवड अचूक होती. तिथे खरोखर एकही सोयरा राहत नाही. सगळ्यांना ऑटो करून यावं लागलं.

१५ डिसेंबर

काल परतलो. एसटीत खिडकीजवळची दोघांची सीट मिळाली. शेजारी कुणी नाही. जे शनिवारी बोलायचं राहिलं होतं ते बोलायला ही जागा वाईट नव्हती. उमरेड गेलं. भिवापूर गेलं. नागभीड गेलं. ब्रह्मपुरीला मी शेंगदाणे घेतले. तिने घेतले, पण खिडकीकडे तोंड करून खाल्ले. मी ठरवलं, तिला थोडा वेळ द्यावा. उद्या बोलीन.

आज सगळ्यांना फोन करून लग्न नसल्याचं सांगितलं. लहानूभाऊ म्हणाला, मोडलं म्हणायचं तर तसं म्हण, आम्ही येतो धीर द्यायला. शनिवारी सगळे येणार. नाटकही आहे म्हणे त्या दिवशी.

१७ डिसेंबर

शनिवारच्या पाहुण्यांचं कांताला आज सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. मोबाईल घेतला आणि कुणाला तरी फोन लावला. दोन मिनिटं. नकाशा नाही, टिंबं नाहीत. तीच खोली, तीच गॅलरी. शनिवार-रविवार. खुशबू चंद्रपूरहून रविवारी येणार, मायलेकी फिरणार, आणि शनिवारी मात्र ती एकटीच.

मी म्हटलं, मग मी पाहुण्यांना फोन करून टाळतो, दोघं जाऊ. ती म्हणाली, "मोहल्ला तुमी बराबर पाह्यला होता. पन मी म्हटलं होतं, जिथी आपलं कोनी नाई."

मी बराच वेळ या वाक्याचा विचार केला. त्या 'आपल्या'त मीसुद्धा आलो. मी तिचा कोण, हे मला आधी ठाऊक होतं. आता जरा नीट कळलं. वाईट वाटलं. खूप वाटलं. लिहिलं म्हणून कमी होत नाही.

पण पोळ्यांचं म्हणाल तर अवघड काहीच नाही. गोल म्हणजे काय, मध्यबिंदू आणि सगळीकडे सारखं अंतर. ज्याने शेतांचे वाकडे बांध सरळ केले, त्याला पोळी काय जड आहे? मला कळतं.

२० डिसेंबर, शनिवार

कांता सकाळच्या एसटीने गेली. दारातून एकदा वळून पाहिलं आणि म्हणाली, तेल वरच्या डब्यात आहे. स्टँडवर सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणाली.

दुपारी पाहुणे आले. कणीक आधी पातळ झाली, म्हणून पीठ घातलं. मग घट्ट झाली, म्हणून पाणी घातलं. असं करता करता ती परातीबाहेर आली. अतिक्रमण. पहिली पोळी उत्तरेकडे लांबली, दक्षिणेकडे फाटली, पूर्वेला तिला एक पट्टी निघाली ती तव्याच्या बाहेर लोंबकळत होती. तरी भाजली. ताटात वाढली.

संध्याकाळी कांताचा मेसेज आला. फोटो. गॅलरी, दोन खुर्च्या, दुसऱ्या खुर्चीवर तिचे पाय, चहाचा कप. म्हैस अजून तिथेच होती.

संघपालने पोळी दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "भाऊजी, याचा गट नंबर काय?"