मागच्या वर्षीचीच केबिन

अहो,

आपण सहलीसाठी बुक केलेल्या बोटीच्या कंपनीतून फोन आला होता. "मॅडम, मागच्या वर्षीचीच केबिन दिलीय. तेव्हा तुम्हाला बोट लागली होती, या वेळी गोळ्या ठेवा."

मी आजवर बोटीवर पाय ठेवलेला नाही. मागच्या वर्षी तुम्ही ऑफिसच्या ट्रेनिंगला गेला होतात.

सहलीला मी निघालेय. तुमच्या जागी तुमच्या आईंचं नाव घातलं. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "आपलंच नाणं खोटं. चल." चारही बंदरांवर उतरणार आहोत.

फ्रिजमध्ये आजच्यापुरतं जेवण आहे.

खालचं आईंनी लिहिलंय.

*बाळा, घर माझ्या नावावर आहे. सून इथेच राहील. आम्ही यायच्या आत तू तुझी दुसरीकडे सोय बघ. किल्ली शेजारी दे.*