शेक की शेख

गुरुवार, अल मुंतझा

आज उजवा हात वर गेला. पार डोक्याच्या वर, महिनोन्महिने आखडलेल्या खांद्यासकट.

फिजिओथेरपीच्या पहिल्याच दिवशी दुखण्याच्या भरात मी इंग्रजी विसरून 'शेक, शेक' म्हणत राहिले होते. रिसेप्शनवरची मुलगी दचकून उभीच राहिली, कुठले शेख आले म्हणून. तेव्हापासून टॉवेलात गुंडाळलेल्या त्या गरम पॅकचं नाव तिथे शेखच पडलंय. आजही थेरपिस्ट म्हणाली, "यल्ला, चला, शेख आले." खांदा मस्त शेकला, मग व्यायाम, आणि हात वर गेला. खरंच गेला ना?

घरी येऊन फळीवरच्या पोह्यांच्या डब्याला हात घातला. हे उठलेच, "थांब, मी देतो."

"बसा तुम्ही."

पोहे करायचे नव्हतेच. डबा परत वरही मीच ठेवला.