लिचीच्या खोडाचं ऑपरेशन

८ सप्टेंबर
गेल्या मोसमात लेकीच्या, रंजूच्या सासरी पाठवलेल्या टोपलीत लिची कमी, पानं जास्त. व्याही हसले. अख्ख्या मुझफ्फरपुरात बोभाटा! झाड सुनयनाच्या वडिलांनी आमच्या लग्नात दिलेलं. ती त्याला माहेरच म्हणते. यंदा मी लक्ष घालणार.
कृषी केंद्रातून फळं वाढवायचं पत्रक आणलं. पानं साखर बनवतात, ती सालीतून खाली मुळांकडे जाते. म्हणजे फुकटच जाते की! साल कापली की साखर वर अडकते. फळं लठ्ठ. सोप्पं आहे.

१० सप्टेंबर, सकाळी
पत्रकात ‘फक्त फांद्यांवर, अगदी बारीक’ असं छापलंय. लिहिणारा भित्रा असणार. मी खोडावरच वीतभर पट्टा सोलला, गोल. मुळं काय खाणार, असं सुनयनाने विचारलं. म्हटलं, दिवसभर मातीतच बसलेली असतात, खातील काहीतरी.

१२ सप्टेंबर
सुनयनानेही दोन फांद्यांची साल गोल काढली. पटली वाटतं माझी पद्धत! पण लगेच वर ओली माती थापून गोणपाट बांधलं. मलमपट्टी! फार हळवी आहे.

२० नोव्हेंबर
त्या दोन फांद्या गायब. चुलीत घातल्या असणार. मी मोठ्या मनाने माफ केलं.

२ मार्च
मोहरच मोहर! शेजारचे बिंदेश्वरभैया म्हणाले, रामसकल, झाड मरायच्या आधी असंच फुलतं रे. जळतात माझ्यावर, दुसरं काय?

२६ मे
जिंकलो! टोपली बघून व्याह्यांचा फोन. अशी लिची जन्मात खाल्ली नाही म्हणाले. पुढच्या वर्षी आंबा सोलणार.

१९ जुलै
पानं गळताहेत. दमलंय बिचारं. विश्रांती.

५ ऑगस्ट
नखाने साल खरवडली. आत सगळं तपकिरी. सुनयना खोडाला टेकून रडत होती. मी तिला चहा करून दिला. साखर घालायची राहिली.

११ ऑगस्ट
मागच्या दारी डब्यांत दोन रोपं होती म्हणे. त्याच फांद्या! गोणपाटात मुळं फुटलेली. आज सुनयनाने ती रंजूच्या अंगणात लावली. म्हटलं, अगं, आपल्याकडे जागा आहे की. सुनयना म्हणाली, जागा आहे, पण तुम्हीही आहात.
व्याह्यांनी भोवती काटेरी कुंपण घातलं. बकऱ्यांसाठी म्हणाले. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो. एकही बकरी दिसली नाही.