चावडीपुढचा नळ

पुणे, ता. ४ डिसेंबर १९६७

चि. सौ. नंदास,
अ. उ. आ.

उत्कृष्ट ग्रामरचनेच्या बक्षिसासाठी आम्ही पाच परीक्षकांनी सात गावं पाहिली. तुमच्या नव्यानं वसवलेल्या उंबरवाडीत आलो, पण परीक्षक म्हणून तुझ्याकडे चहासुद्धा घेता आला नाही, याची चुटपुट लागली आहे. बहीण तिथं नांदते हे मी अध्यक्षांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, गुण देताना बहीण विसरा. विसरलो, तरी तुमचंच गाव पहिलं येतंय. सरळ रस्ते, गटारं आणि चावडीपुढचा तो नळ! लखलखीत घागरी घेऊन उभ्या बायका पाहून मी दहापैकी दहा दिले.

रविवारी तुंगार्लीला शेवटची बैठक. मग हाच आराखडा आणखी चार गावांना लागू होईल. महिपतरावांना एवढ्यात सांगू नकोस, नाहीतर आमचे सरपंच मेहुणे आत्तापासून फेटा बांधून बसतील.

तुझा, दत्तूदादा

उंबरवाडी, ता. ६ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला, पण खरं ते सांगते. त्या दिवशी यांनी फर्मान काढलं, म्हणून आम्ही घागरी चिंचेनं घासून नळावर उभ्या राहिलो. एरवी तिथं बाई औषधाला सापडायची नाही. चावडीवर दिवसभर वडीलधारी मंडळी. त्यांच्यापुढून जायचं म्हणजे वहाणा हातात, पदर डोक्यावर आणि तोंडाला कुलूप. म्हणून सगळ्या सुना ओढ्यावरच जातात.

आमची सून मुक्ता सातव्या महिन्यात आहे. परवा ओढ्याच्या चढणीवर घागरीसकट घसरली. देवाच्या कृपेनं निभावलं. मी रागावले, तर म्हणाली, "आत्याबाई, सासऱ्यांच्या म्होरं किती येळ मान खाली घालून उभी राहू?"

बक्षीस गेलं तर हे माझ्याशी बोलायचे नाहीत, ते मी बघीन. पण आणखी चार गावच्या सुनांना ओढ्यावर पाठवू नकोस.

या पत्रानं तुझा लोभ आटू नये, एवढंच.

तुझी, नंदा

पुणे, ता. १० डिसेंबर

चि. सौ. नंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाव न सांगता बैठकीत वाचलं. अध्यक्षांनी विचारलं, आपल्यापैकी कुणी कधी घागर भरली आहे का? आम्हा पाच पुरुषांपैकी एकानंही भरली नव्हती. वीस वर्षं नकाशे काढतोय, मला लाज वाटली. माझे दहा गुण मी माझ्याच हातानं खोडले. बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. त्या चार गावांत नळाची जागा आता बायकांना विचारून ठरेल, आणि तुमचाही नळ हलवायला आम्ही लिहिलं आहे.

महिपतरावांना मी वेगळं पत्र लिहितो. तोवर तू त्यांच्या रागावर पुरण घाल. मुक्ताला जप.

तुझा, दत्तूदादा

उंबरवाडी, ता. १८ फेब्रुवारी १९६८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुक्ताला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

पुरण वाया गेलं. हे पंधरा दिवस अबोला धरून होते, मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायचे. नळ गेल्या महिन्यात मागच्या आळीत हलवला. आता तिथं भांडणं आणि गाणी एकदमच चालतात. मीही कामाशिवाय जाऊन बसते.

यांच्यापुढं बक्षिसाचं नाव अजून काढायची सोय नाही. पण एक सांगते. चावडीला जायची यांची जवळची वाट आता त्या नळावरूनच आहे, आणि हे मात्र रोज शेतातल्या पांदीनं लांबचा वळसा घालून जातात. गुडघा दुखतो, तरी. काल मी विचारलंच. खाली बघत म्हणाले, "मी गेलो की समद्या गप व्हत्यात."

माया अशीच राहू दे.

तुझी, नंदा