अकरा ग्लास पाणी आणि एकच नको

पडेगाव,
गुरुवार, २३ मे २०२४

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या नानाचा साष्टांग दंडवत. तू पत्र उघडलंस हेच पुष्कळ झालं. (पहिल्या ओळीलाच मिटणार असशील तर निदान कडूबाला चहा तरी दे. लेकीला भेटायला अजिंठ्याला निघाला होता, म्हणून हे त्याच्या हाती दिलं. एवढ्या उन्हात आला आहे, त्याचा काही गुन्हा नाही.) तुझे गुडघे कसे आहेत, ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं, विहिरीत पाणी किती उरलं, हे सगळं मला विचारायचं असतं. पण आमच्या विश्वजीतच्या लग्नाच्या पंगतीपासून, म्हणजे नऊ वर्षं, तू माझा फोन उचलत नाहीस. त्यामुळं तुझ्या तब्येतीची खबर मला तुमच्याकडच्या बसच्या कंडक्टरकडून मिळते, आणि त्याला डावा-उजवा डोळा सांगता येत नाही. तुझी भावजय गेली तेव्हा तू दहाव्याला आलीस, सगळ्यांशी बोललीस, माझ्यापुढून पाण्याचा तांब्या घेऊन गेलीस आणि माझ्याशी काही बोलली नाहीस. असो. आमची खुशाली म्हणशील तर जीव आहे, पाणी नाही. बोअर सहाशे फुटांवर गेलं आणि आता त्यातून नुसती धूळ येते. टँकर चौथ्या दिवशी येतो. आपली मोसंबी वाळल्यावर मी विकलेल्या त्या रानात ज्या इमारती उठल्या, त्यांना बिल्डरनं नद्यांची नावं दिली आहेत. परवा कृष्णेत बादलीवरून दोघांची डोकी फुटली आणि गोदावरीतली निम्मी बिऱ्हाडं सोडून गेली.

आता मुद्द्याचं सांगतो. विश्वजीतची चिकलठाण्याची कंपनी त्याला स्पेनमध्ये पाठवते आहे. दोन-चार महिन्यांसाठी नाही, कायमचं. त्या देशाच्या उत्तरेला बास्क नावाचे डोंगराळ लोक राहतात, ते यंत्रं बनवतात आणि (आमची सूनबाई तनुजा म्हणते) तिथं वर्षातले निम्मे दिवस पाऊस पडतो. सूनबाई जाणार, नात सई जाणार. सईच्या शाळेचंही ठरलं आहे. होकार या सोमवारी द्यायचा. सगळं अडलंय ते माझ्यावर. नानांची सोय लागल्याशिवाय मी सही करणार नाही, असं विश्वजीतनं बायकोला सांगितलेलं मी भिंतीआडून ऐकलं. घर रिकामं करताना सगळं सामान निघतं आणि एक जुनं लोखंडी कपाट काही केल्या दारातून जात नाही, तसा मी झालो आहे बघ.

तर त्या बास्क लोकांचं जेवण नानांना खाऊ घालावं, म्हणजे आपण काही भलत्या मुलखात चाललो नाही अशी त्यांची खात्री पटेल, असं तनुजाच्या मनात आलं. पोरगी गुणाची आहे, तिच्या मनात नेहमी चांगलंच येतं. सईला शेजारच्या वच्छलाबाईंकडं ठेवून मंगळवारी संध्याकाळी आम्ही तिघं जालना रोडला गेलो. तिथं नव्या काचेच्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर हे हॉटेल आहे. नाव मला दोनदा सांगितलं, दोनदा विसरलो. मी लग्नातला कोट घातला होता. आत इतका गारठा की कोटाचं सार्थक झालं.

बसल्या बसल्या एक ताटली आली. तीत पावाचे तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यावर बोटाएवढा खारवलेला मासा, एक हिरवं फळ, एक मिरची, आणि हे सगळं पळून जाऊ नये म्हणून वरून आरपार काडी टोचलेली. मी हात मांडीवर ठेवून बसलो. पान पुरतं वाढून झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मीठ येईल, लिंबू येईल, भाकरी येईल म्हणून मी वाट पाहिली. विश्वजीत म्हणाला, नाना, हेच आहे. मी म्हटलं, बरोबर, पण जेवण? तर जेवण हेच, असं थोडं थोडं येत राहतं. (श्रीमंत माणसं बारीक का असतात, त्याचा उलगडा झाला. मिरचीही फिकी होती. तुझ्या चुलीजवळ नुसती ठेवली असती तरी जरा तिखट झाली असती.)

खरा घोळ पाण्यानं केला. काळा एप्रन बांधलेला वाढपी, पन्नाशीचा, छातीवर मोतीराम अशी पट्टी, माझ्या मागं सुरई घेऊन उभा. ग्लासात पाणी टाकून उठायचं नाही, ही आपल्याकडची रीत. बहात्तरच्या दुष्काळात मी घोटभर पाणी ओतून दिलं म्हणून तूच माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. म्हणून मी ग्लास संपवला. त्यानं भरला. मी संपवला. त्यानं भरला. मला वाटलं, हा माणूस आता दमेल. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. अकराव्या ग्लासाला पोट नगाऱ्यासारखं झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तो कानाशी वाकून हळूच म्हणाला, "काका, गिलास भरलेला ऱ्हाऊ द्या, म्हंजी मी भरनार नाय." मी विचारलं, मग उरलेलं? तर म्हणाला, "वततो ना. इथं लई वततेत." फुलंब्रीकडचा निघाला. त्याच्या घरी टँकर सहाव्या दिवशी येतो. मी तो ग्लास तसाच भरलेला ठेवला आणि त्याच्याकडं बघायचं टाळलं.

या सगळ्यात विश्वजीतला बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं की ताटली यायची. नाना, मी काय म्हणतो, एवढं म्हणेपर्यंत बटाट्याचं काहीतरी. तिकडं गेल्यावर, म्हणेपर्यंत भाजलेली ढोबळी मिरची. सहा ताटल्या झाल्या तरी आमचं वाक्य पुरं होईना. शेवटी त्यानं एकदम, मान खाली घालून, काडीनं ताटलीवर रेघा ओढत विचारलं, "नाना, तुमी बी चला की आमच्यासंगं."

अक्का, मी म्हणालो, "नको."

माणूस दुसरं काय म्हणेल? पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायला मी काय हावरट आहे? कुणी चहा विचारला तरी आपण आधी नकोच म्हणतो. मग समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, घ्याच. मग आपण म्हणायचं, बरं, अर्धा कप. मी त्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होतो. काय सांगू, मनातल्या मनात मी स्वेटरसुद्धा बांधून घेतले होते. आणि विश्वजीत म्हणाला, "बरं." एवढंच. कंपनीत नाही म्हणजे नाही असतं, तेच त्याच्या अंगवळणी पडलंय. तनुजानं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात सातवी ताटली आली. वरून काळाभोर करपलेला केक. (तो मुद्दामच करपवतात म्हणे. मी मोतीरामला म्हणालो होतो, राहू दे, घरीही होतं असं कधीकधी.) तो खाऊन होईपर्यंत विषय निघून गेला होता.

तेव्हा मला तू आठवलीस. लग्नाच्या पंगतीत बुंदीचे लाडू मीच वाढत होतो. टँकर आला नव्हता, हात धुवायला पाणी नाही, व्याही ओरडत होते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू ताटावर हात आडवा धरून नको म्हणालीस आणि मी खरंच पुढं गेलो. सख्ख्या भावानं मोठ्या बहिणीला दुसऱ्यांदा विचारलं नाही. नऊ वर्षं मी गावभर सांगत आलो की आमची अक्का एका लाडवावरून रुसली. लाडवाचं काही नव्हतं, हे मला मंगळवारी आठव्या मजल्यावर कळलं. माझं चुकलं, अक्का. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

पुढं विश्वजीत म्हणाला, मग राहू द्या, मी कंपनीला नाही कळवतो. रागानं नाही, अगदी गरीब आवाजात म्हणाला. पस्तिशीचा पोरगा, इथं त्या कारखान्याचा काही भरवसा नाही, घरात पाणी नाही, आणि तो कपाटापायी घर सोडत नव्हता. मला ते बघवेना. मी म्हणालो, अरे वेड्या, माझी सोय कधीच लागली, अक्कानं मला अजिंठ्याला बोलावलंय, कायमचं. इतकं बेमालूम खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो रडला. तनुजानं मोतीरामला बोलावून आणखी एक केक मागवला. मी पुन्हा नको म्हणालो, आणि तो त्यांनी दोघांनी खाल्ला.

तर अशी सगळी गंमत. डोळ्याला जप, औषध वेळच्या वेळी घाल. लहानांना आशीर्वाद, मोठं तिथं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुझा धाकटा,
नाना

ता. क. : विश्वजीत तुला रविवारी फोन करणार आहे. त्याचा नंबर नवा आहे, तेवढा उचल. त्यानं विचारलं तर "व्हय, मीच बोलावलंय" एवढंच म्हण. माझ्याशी बोलायची तुला काही गरज नाही. मी काही यायचा नाही. इथं माझं उत्तम चाललं आहे, शेजारपाजार आहे, टँकरवाला ओळखीचा आहे. पोरं विमानात बसली की तूही सुटलीस आणि मीही सुटलो.

ता. क. दुसरा : कडूबा बाहेर थांबलाय, म्हणून घाईत लिहितो. वर उत्तम चाललंय म्हणून लिहिलं ते खरं नाही. तुझी भावजय गेल्यापासून मला या घरात एकट्याला भीती वाटते. दिवसासुद्धा वाटते. तुझ्या पडवीत एक बाज मावेल का, ते बघून कडूबाजवळ सांग.